एका अक्षराला तीन बाइट

श्रुतिका धावतपळत मुलुंडच्या सभागृहात तालमीला शिरली, आणि पडद्याकडे बघत उलटा चालत येणारा एक मुलगा थेट तिच्यावर आदळला. त्याच्या हातातला अर्धा चहा तिच्या ओढणीवर सांडला. ती चिडून काहीतरी बोलणार, एवढ्यात तिची नजर रंगमंचावरच्या पडद्यावर गेली. तिथे ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं!

"हे... माझे संवाद?"

"हो... म्हणजे, होते."

श्रुतिकाला आधी बाबा आठवले. कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजाने बाबांचे कान कधीच गेले होते. तरी लेकीचं प्रत्येक नाटक ते पहिल्या रांगेत बसून बघायचे. शेजारी हसला की हसायचे, त्याने टाळ्या वाजवल्या की मागोमाग वाजवायचे. तिला रंगमंचावरून ते दिसायचं आणि फार लागायचं. म्हणून तर या मालवणी फार्सचे संवाद पडद्यावर दाखवायचा हट्ट तिनेच धरला होता.

"घरी करून बघितलं नव्हतंस?"

"बघितलं ना! झकास चाललं होतं... इंग्रजीत."

"मालवणी नाटक इंग्रजीत तपासलंस?" तिने कपाळाला हात लावला.

तो मुलगा, यज्ञेश, ओशाळला. संवाद पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलं होतं. "कसं आहे... कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. आकड्याच्या एका घराला बाइट म्हणतात. पडद्याकडे पाठवताना मी प्रत्येक अक्षराला एकच बाइट दिला. इंग्रजी त्यात मावतं. तुझ्या 'क'ला तीन लागतात. मावला नाही, की तिथे प्रश्नचिन्ह."

"म्हणजे माझं सगळं पुसलं गेलं?"

"नाही गं, फाइल ठणठणीत आहे. फक्त पाठवताना वाट लागतेय."

"मग दे ना तीन! आम्हाला ऐसपैस लागतं."

तो हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जायची. श्रुतिकाला ते उगाचच दिसलं.

दुरुस्ती त्याने तासाभरात केली. तरी प्रत्येक तालमीला हजर — कधी म्हणे वेलांट्या तपासायच्यात, कधी म्हणे जोडाक्षरं. तिला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं, पण त्याला खोटं पाडायची घाईही नव्हती. दोघांत एक चहा व्हायचा आणि तो प्यायला उगाच फार वेळ लागायचा.

प्रयोगाच्या दिवशी मात्र विंगेतून तिने पहिल्या रांगेकडे डोकावून पाहिलं. पुन्हा प्रश्नचिन्हं आली तर? समोर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून बसले होते.

दर्शनी पडदा वर गेला. तिने पहिलं वाक्य घेतलं... आणि ते संपायच्या आत पहिल्या रांगेतून खो खो हसू आलं. एकट्या बाबांचं! यज्ञेशने ओळ पडद्यावर मुद्दाम किंचित आधी सोडली होती. मग वाक्य ऐकून सगळं सभागृह हसलं. बाबांनी शेजाऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. श्रुतिकाचे डोळे भरून आले. फार्समध्ये रडून चालत नाही, म्हणून पुढचा संवाद तिने दुप्पट जोरात म्हटला.

प्रयोग संपताच ती यज्ञेशच्या टेबलाशी धावली.

"थँक्स यार... दुसरं काही सुचतच नाहीये."

"मला बरंच सुचतंय. पण... बोलायला जमत नाही."

"मग टाइप कर," ती गमतीने म्हणाली.

त्याने खरंच केलं. पडदा अजून चालूच आहे, हे मात्र गडी साफ विसरला. रंगमंचावर हातभर अक्षरं उमटली — "श्रुतिका, तू मला आवडतेस. उद्या वर्सोव्याला भेटशील?"

"अगो, तो काय इचारता बघ! उत्तर दी मां!"

बाबा अजून पहिल्या रांगेतच होते, आणि हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. सामान आवरणारी मंडळी जागच्या जागी थबकली. यज्ञेश कानापर्यंत लाल झाला. श्रुतिकाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एकेक अक्षर सावकाश उमटवलं — "भेटेन. मलाही तू आवडतोस."

बाबांनी ओळ वाचली आणि टाळ्या वाजवल्या... सगळ्यांच्या आधी.