बाबांच्या फोनमधला फोटो

अकोल्यात भर बाजारात माझा फोन हँग झाला आणि मी समोर दिसलं त्या मोबाइलच्या दुकानात शिरले.

"लॉक तुमीच उघडा, मले पासवर्ड सांगू नका," म्हणत काउंटरमागचा मुलगा चक्क पाठ फिरवून बसला!

"जन्मतारीखच ठेवली असन," तो पाठमोराच बोलला.

"अगं बाई... तुम्हाला कसं कळलं?"

"साऱ्या अकोल्याचं तेच हाय. बदला."

"काय ठेवू?"

"जे कोनालेच सांगावं वाटत नाही... ते."

आठवड्याभरात मी पासवर्ड म्हणून त्याचंच नाव ठेवलं. उजैर.

मग काय, माझा फोन सारखा बिघडायला लागला! तो शिकवायचा — लोकेशन बंद ठेव, डिलीट केलेला फोटो महिनाभर ट्रॅशमध्ये राहते, तिथूनबी काढ. मी ऐकायचे कमी, त्याच्याकडे बघायचे जास्त. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर 'स्क्रीन गार्ड' नावाने होता. आमचा एकत्र फोटो त्याने कधी काढूच दिला नाही.

पण सेमाडोहच्या सहलीला तो आला, आणि माझ्या मैत्रिणीच्या, गीतांजलीच्या स्टेटसमध्ये आम्ही कोपऱ्यात सापडलो. दोघांत एक कणीस. स्टेटस दिवसभरात गेलं, गीतांजलीने फोटोही पुसून टाकला. पण माझे बाबा वकील. त्यांनी पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि तो घेऊन सरळ दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी उजैरने माझा फोन मागितला. चॅट, नंबर, सगळं पुसलं.

"तुझ्या फोनमध्ये तरी मला राहू दे ना..."

"मह्या फोनले दुकानात दहा जनांचे हात लागतात. कोनी तुहं नाव खराब केलं तर मले पाहावनार नाही. रडू नको वं, स्वराली."

तो स्वतःच रडत होता. मग अमरावतीला मामाकडे निघून गेला. त्याचा नंबर बंद आहे.

गेल्या आठवड्यात बाबा म्हणाले, "स्वरा, फोन भरलाय. नको ते काढून दे बरं."

कोर्टाचे कागद, सुप्रभातची फुलं... आणि मधेच उजैर, कणीस हातात धरून हसणारा. जगात आमचा एवढा एकच फोटो उरला होता. माझं बोट थांबलेलं बाबांनी पाहिलं.

"तोही काढ," ते हळूच म्हणाले.

स्वतःला पाठवून घ्यावासा फार वाटला. पण माझ्यासाठी त्याने जे एवढं रडत पुसलं, ते मी परत कसं ठेवू? काढला.

ट्रॅश मात्र रिकामा केला नाही. बाबांना तो कुठे असतो ते ठाऊक नाही. रोज सकाळी ते आंघोळीला गेले की मी त्यांचा फोन उघडते. महिना संपेपर्यंत उजैर माझ्याकडे बघून हसणार आहे.