कॉय टॅकेटची पांढरी गाडी

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी आम्ही जुनी मंडळी मॅक्सीनच्या खानावळीत न्याहारीला जमायचो. खिडकीजवळचं लांब टेबल आमचं ठरलेलं. अंडी, सॉसेज, मिरी घातलेली पांढरी ग्रेव्ही, आणि कप रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरणारी कॉफी. एके काळी आमच्या या दक्षिण इंडियानात, नदीपासून थोडं वर, मक्याच्या शेतांमधून एक सरळसोट डांबरी पट्टी गेली होती. रविवारी दुपारी दोन-दोन गाड्या तिच्यावर शेजारी उभ्या राहायच्या आणि झेंडा पडला की पाव मैल सुसाट सुटायच्या. एवढाच तो खेळ. पट्टी बंद होऊन जमाना झाला, तिथे आता सोयाबीन पिकतं. पण त्या गाड्या आणि त्या हाकणारी माणसं आमच्या टेबलावर दर महिन्याला पुन्हा धावायची.

मी ट्विला सीग्लर. पट्टीच्या फाटकावर मी बसायचे. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं नंबर लिहायचं काम माझं. माझा हात लागल्याशिवाय एकही गाडी पट्टीवर गेली नाही, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. माझा नवरा व्हर्लिन सहा दिवस शेतकरी आणि रविवारी शर्यतवाला. त्याची पंचावन्न सालची शेवरोले, पिकल्या पर्सिमन फळासारखी गडद नारिंगी, पुढून नाक वर काढलेली. दारावर त्यानं स्वतः नाव रंगवलं होतं, ‘दुसरी कापणी’. गवताच्या पहिल्या कापणीचे पैसे बायकोचे, दुसरीचे गाडीचे, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

व्हर्लिन गवताच्या कोठारात हृदय बंद पडून गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. शनिवारी मी जायचे ते त्याच्यासाठीच. टेबलावर त्याचं नाव निघायचं, कुणीतरी त्याची नक्कल करायचं, आणि कॉफी संपेपर्यंत तो आमच्यात असायचा.

मग एका एप्रिलमध्ये एल्डननं कॉय टॅकेटचं नाव काढलं.

एल्डन प्रूएट म्हणजे निळ्या फोर्डवाला, व्हर्लिनचा जन्माचा प्रतिस्पर्धी आणि जन्माचा मित्र. बोलता बोलता तो म्हणाला, कॉय टॅकेटच्या पांढऱ्या गाडीचा आवाज काही वेगळाच होता. होबार्ट लगेच हसला. होबार्ट पट्टीवर भोंग्यातून शर्यती सांगायचा. आता त्याला कानात यंत्र लागतं, पण आवाज अजून तसाच खणखणीत. तो म्हणाला, त्या गाडीपुढे मला भोंग्यात ओरडावं लागायचं.

मला काही आठवेना. मी विचारलं, कोण कॉय? दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, अगं, नदीपलीकडचा, केंटकीचा. मी मान हलवली. वय झालंय, म्हटलं, विसरले असेन.

पुढच्या महिन्यात कॉयच्या दोन गोष्टी निघाल्या. त्यानंतर आणखी. मग एका शनिवारी होबार्ट सांगू लागला की भर शर्यतीत कॉयच्या गाडीचं बॉनेट उघडून काचेवर आदळलं, पुढचं काही दिसेना, तरी पठ्ठ्यानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी हाकली आणि जिंकला. सगळे हसले. मीही हसले असते, कारण ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. त्या रविवारी व्हर्लिनच्या कपाळावरची जखम मी स्वतः धुतली होती.

“तो व्हर्लिन होता,” मी म्हणाले.

मॅक्सीन कॉफीचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. मग एल्डननं माझ्या मनगटावर हात ठेवला. आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात तो म्हणाला, “ट्विला, व्हर्लिन त्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकांवर बसला होता. तुझ्या शेजारी.”

भांडावं असं त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसंच आठवत होतं.

घरी आले आणि माळ्यावरून फोटो काढला. गाडीच्या दाराला टेकून उभा असलेला व्हर्लिन, हातात चषक, कपाळावर माझी पट्टी. फोटो काळापांढरा, पण माणूस कोण याबद्दल शंका नको. पुढच्या महिन्याच्या शनिवारी तो टेबलावर ठेवला. होबार्टनं चष्मा वर करून पाहिला.

“अरे वा, कॉय,” तो म्हणाला. “कुठे मिळाला गं तुला हा?”

फोटो हातोहात फिरला. प्रत्येकानं पाहिला, प्रत्येकानं तेच म्हटलं. मी फोटो परत घेतला. त्यात माझा नवराच होता. मी व्हर्लिनचं वर्णन करायला सांगितलं, तेव्हा ते एकमेकांकडे बघू लागले. शेवटी कुणीतरी म्हणालं, साधा माणूस होता, अबोल, चष्मा लावायचा. व्हर्लिननं आयुष्यात चष्मा लावला नव्हता.

मी मुलाला फोन केला. केंट इंडियानापोलिसला असतो. लहानपणी तो त्या गाडीत बापाच्या मांडीवर बसून कोठारापासून रस्त्यापर्यंत चक्कर मारायचा आणि उतरायचं म्हटलं की रडायचा. मी सरळच विचारलं, बाबांची गाडी आठवते का?

“आई, बाबांना इंजिनाचा आवाज सहन व्हायचा नाही,” तो म्हणाला. “आपण पट्टीवर जायचो ते तुझ्यासाठी. तू ठीक आहेस ना?”

त्यानं मला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. गेले. डॉक्टरनं घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं. तो म्हणाला, तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. ते ऐकून मी गाडीत बसून रडले. काही बिघडलं असतं, तर त्याला निदान नाव तरी मिळालं असतं.

ऑगस्टमध्ये जत्रेच्या मैदानावर जुन्या शर्यतीच्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. भर दुपार, तळलेल्या मक्याच्या पिठाचा वास, पोराटोरांचा गोंगाट. रांगेच्या टोकाला एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी. केंटकीचा एक तरुण तिचा मालक. कुणाच्या तरी कोठारात सापडली म्हणाला, कॉय टॅकेटची, अस्सल. रंगसुद्धा मूळचाच. मी नखानं हळूच खरवडून पाहिलं. खाली दुसरा रंग नव्हता.

मग मी आत डोकावले. हाकणाऱ्याच्या जागेवर निळ्या फुलांच्या कापडाचं आवरण होतं. आमच्या पहिल्या स्वयंपाकघरातल्या पडद्यांचं ते कापड. मी डावखुरी आहे, माझी शिवण उलट्या बाजूला कलते, आणि ती तशीच कललेली होती. एका कोपऱ्यात दोरा कमी पडला म्हणून मी तांबडा वापरला होता. तो तांबडा टाकाही तिथे होता. ‘दुसरी कापणी’ मोडीत गेली तेव्हा हे आवरण तिच्यातच गेलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत.

मी मालकाला विचारलं, हे कुणी शिवलं? तो म्हणाला, काय माहीत. कॉयनं लग्न केलं नव्हतं म्हणतात. दिलं असेल कुणीतरी शिवून.

मी शनिवारी जाणं सोडलं. त्याऐवजी रोज सकाळी कॉफी करताना व्हर्लिनला मोठ्यानं आठवायचे. त्याचं पूर्ण नाव. त्याच्या आईचं नाव. तो शीळ कशी घालायचा. बाहेरून आला की आधी बूट काढायचा की टोपी. एकटीनं आठवणं म्हणजे फुटक्या बादलीनं पाणी भरण्यासारखं आहे, ते तेव्हा कळलं. पण व्हर्लिन सगळा शाबूत होता. निदान माझ्यापाशी.

ऑक्टोबर उतरता उतरता एका दुपारी एल्डन आला. मी पर्सिमनचं पुडिंग भट्टीत लावलं होतं. तो स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला आणि टोपी हातात फिरवत राहिला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. त्यानं सांगितलं की या महिन्याच्या शनिवारी टेबलावर निळ्या फोर्डचा विषय निघाला. होबार्ट म्हणाला, कॉयची दुसरी गाडी ना ती? सगळ्यांनी मान हलवली. एल्डननं हसण्यावारी नेलं. मग त्यांनी त्याला विचारलं, तू कधी आलास रे पट्टीवर?

“त्या दिवशी तू व्हर्लिनबद्दल काय म्हणत होतीस, ते आता मला कळतंय,” तो म्हणाला. “मला आठवत अजूनही नाही, ट्विला. पण कळतंय.”

मी त्याच्यापुढे पुडिंग ठेवलं. त्यानं हात लावला नाही.

“नंबर तू लिहायचीस,” तो म्हणाला. “माझ्या गाडीवर तूच लिहायचीस. मी आत असायचो. सांग, मी होतो ना?”

मी डोळे मिटले.

फाटक दिसलं. धूळ, ऊन, पॉलिशचा वास. निळी फोर्ड रांगेतून पुढे आली. मी वाकले आणि काचेवर नंबर लिहू लागले. काचेपलीकडच्या माणसानं मान वर केली.

भुवया पांढुरक्या. हनुवटी अरुंद. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तो कोण हे मला विचारावं लागलं नाही.

“आठवतोस की,” मी एल्डनला म्हणाले. “तूच होतास.”

त्यानं पुडिंगची बशी हळूच माझ्याकडे सरकवली. मग उठला, टोपी घातली आणि माझे आभार मानून गेला.

आता रोज सकाळी मी व्हर्लिनबरोबर एल्डनचंही नाव घेते. उपयोग होत नाही. पट्टी दिसते. निळी गाडी जिंकून परत येते, तिच्यामागून पांढरी येते, आणि दोन्ही गाड्यांतून कॉय टॅकेट उतरतो. मी बसलेय त्या बाकांकडे बघून हात हलवतो.

माझ्या शेजारी बसलेला कुणीतरी त्याला उलट हात हलवतो. तो कोण, हे बघायला मला मान वळवता येत नाही.