मृग लिंबावर आला तेव्हा

त्या रात्री मी शेतात गेले ती फक्त दिरांना डबा द्यायला. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि काखेत पेंगुळलेला पुंजा. आमचे मालक एमआयडीसीत सळईच्या मिलवर रातपाळीला होते. सासूबाई वाटूरला नणंदेकडे गेलेल्या. घरात एकट्या पोराला ठेवणार कुणापाशी, म्हणून सोबत घेतला. नाहीतर अंधार पडल्यावर त्याला घेऊन मी उंबरा ओलांडत नाही.

पुंजा माझा दुसरा. पहिला तेरा दिवसांचा होऊन गेला. बाराव्या दिवशी पाळण्यात घातला, श्रेयस नाव ठेवलं, आणि तेराव्या दिवशी पहाटे तो हाताला गार लागला. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत. आमच्याच शेतात, मावळतीच्या बांधावर लिंब आहे, त्याच्याखाली त्याला ठेवला. दोन वर्षांनी पुंजा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीकडून केराच्या पुंजासारखा उचलून आणवला. म्हणून पुंजा. असल्या टाकाऊ नावाकडं मरणसुद्धा वळून बघत नाही, असं आमच्यात मानतात.

चूक माझी झाली. जन्माच्या दाखल्यावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा मला श्रेयसच आठवलं. एकच दिवस वापरलेलं नाव. मी तेच लिहायला लावलं. फॉर्म माझ्या दिरांनी, भारतभाऊजींनी भरला. पहिल्याच्या वेळी ते पुण्याला शिकायला होते, आणि गेलेल्याचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. त्यामुळं त्यांना काही माहीत नव्हतं. दाखल्यावर काय लिहिलंय ते सासूबाईंना तर अजूनही ठाऊक नाही.

भाऊजी आता बियाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर आहेत. आभाळाचे फोटो काढायचं त्यांना भारी वेड. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री अकराची होती. गव्हाला पाणी द्यायला जागायचंच, तर कॅमेरा पण लावू, असं म्हणून त्यांनी आखाड्यासमोर, शेतातल्या आमच्या खोपटापुढं, सगळं मांडलं होतं.

"वहिनी, टॉर्च खाली! डोळे आत्ता कुठं अंधाराला बसले."

"मंग जेवता कसं? अंदाजानं?"

"तुमच्या हातचा ठेचा अंधारात पण सापडतो. आधी कानाला लागतो."

मी हसले. पुंजाला आखाड्यात बाजेवर निजवलं, डोक्याला लाल माकडटोपी घातली, वाकळ पांघरली आणि बाहेर आले. भाऊजींनी टॉर्चला लाल पतंगी कागद बांधला होता. तीन पायांचा स्टँड, त्यावर एक जड यंत्र, यंत्राची मान ध्रुवताऱ्याकडं केलेली, आणि त्याच्यावर कॅमेरा. कॅमेऱ्यातून एक वायर लॅपटॉपला. लॅपटॉप खाटेवर.

"कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाई. जरा धक्का बसला की गेलं. सगळं इथूनच." त्यांनी पडद्यावर एक तारा मोठा करून दाखवला आणि बटणं दाबून दाबून तो बारीक केला, सुईच्या टोकाएवढा. "हे खालचं यंत्र ताऱ्यांच्या चालीनं फिरून राह्यलं. तीन मिनिटांचा एक फोटो. म्हून तारे टोकदार येतेत. मृगाच्या चांदण्या खाली उतरल्या की लिंब पण येईल चित्रात. तो मात्र सारवल्यागत फरकाटणार."

"का?"

"जमिनीवरचं सगळंच फरकाटतं. जे ताऱ्यांसंगं चालतं तेवढंच साफ. साध्या कॅमेऱ्यात उलटं, त्यात ताऱ्यांसंगं चालणारंच फरकाटतं."

मग एक चौकोन आला. त्यात नाव टाकल्याशिवाय ते पुढं सरकत नव्हतं. प्रत्येक फोटोला तेच नाव आणि पुढं आकडा. भाऊजी म्हणाले, "आपल्या हिरोचं टाकतो," आणि श्रेयस लिहून मोकळे झाले.

मी म्हटलं, "दुसरं काही टाका की."

"का? खरं नाव कवा काढायचं मंग, लग्नात?"

बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

खट्. श्रेयस एक.

अकराला लाईट आली. लांब विहिरीवर मोटर घुमायला लागली. भाऊजी फावडं घेऊन निघाले. "नुसतं बसा. काही अडलंच तर हा लाल चौकोन दाबला की थांबतं, हिरवा दाबला की चालू. मी पाण्याची दारं धरून आलोच."

मी बसले. ओल्या मातीचा वास यायला लागला. गव्हावरून गार वारा येत होता. कुठंतरी पिंगळा बोलला आणि मधेच गप्प झाला. तीन मिनिटं काहीच नाही, मग खट्. पुन्हा तीन मिनिटं, खट्. दर वेळी पडद्यावर ते नाव उमटायचं. मला वाटलं, आम्ही साडेचार वर्षं जे नाव तोंडातून काढलं नाही ते हे यंत्र पुन्हा पुन्हा हाक मारून राह्यलंय. तेही त्या लिंबाच्या दिशेला तोंड करून.

मृग उतरत होता. सतराव्या फोटोत खालून लिंबाचा शेंडा आला, खरंच सारवल्यासारखा. त्याच्यामागं बदनापूरच्या उजेडाचा तांबूस पट्टा. अठराव्यात फांद्या. विसाव्यात बुंधा. आणि बुंध्याजवळ काहीतरी.

मी पडद्याला नाक लावलं. एकविसावा आला.

पोर होतं. हात सरळ खाली सोडून उभं. लिंब फरकाटलेला, बांध फरकाटलेला, आणि ते पोर सुईच्या टोकासारखं साफ. कानाची पाळीसुद्धा दिसत होती. उंचीनं साडेचार वर्षांचं असावं. तो जगला असता तर तेवढाच असता.

मान वर करून बघितलं. लिंबाखाली नुसता अंधार.

मी फोन लावला. "भाऊजी... लिंबाकडं तुम्ही आहात का?"

"मी विहिरीपाशी हाये. का?"

"...काही न्हाई."

लाल चौकोन दाबला. खट् थांबलं. पण हाक थांबली तरी आलेला माघारी जातो का? तो कुणाच्या नावावर आला हे मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते नाव ज्याला दिलं होतं तो माझ्या पाठीमागं बाजेवर झोपला होता. तेव्हा मला सासूबाईंचं आठवलं. टाकाऊ नाव. ज्याच्याकडं कुणी वळून बघत नाही. मी सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं मला येतात. चौकोनातलं नाव पुसलं आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबत पुंजा लिहिलं. म्हटलं, हे बघून तो फिरेल. आणि फिरला की नाही ते डोळ्यांना दिसणार नव्हतं, कॅमेऱ्यालाच दिसणार होतं. म्हणून हिरवा दाबला.

तीन मिनिटं. आत बाज एकदा करकरली. मी उठले नाही. उठायला पाहिजे होतं...

खट्. पुंजा एक.

लिंबाखाली दोघं होते. मोठ्यानं लहान्याचं बोट धरलं होतं. लहान्याच्या डोक्यावर लाल माकडटोपी. दोघंही साफ.

मी आत धावले. पुंजा बाजेवर होता. ऊबदार होता, श्वास चालू होता, टोपी डोक्यावर होती. मी त्याला छातीशी धरून भिंतीला टेकले. भाऊजी आले ते चिखलाच्या पायांनी तसेच लॅपटॉपपाशी थांबले. त्यांनी वायर उपसली.

"वहिनी..." ते आत न येता म्हणाले. "हे नुसते उभे नव्हते. उभे असते तर फरकाटले असते. हे... ताऱ्यांसंगं सरकून राह्यले."

त्याला आता दोन महिने झाले. पुंजाला ताप नाही, खोकला नाही. खातो, खेळतो, सासूबाईंच्या पाठीवर चढतो. त्या म्हणतात, "पोरगं भरलं ग बाई, दृष्ट काढ." भाऊजींनी कॅमेरा पुन्हा पेटीतून काढलेला नाही.

गेल्या सोमवारी अंगणवाडीच्या बेबीनंदाताईंनी त्याचा फोटो मागितला. बदनापूरला नेलं. फोटोवाल्यानं सात वेळा काढला आणि वैतागला. "बाई, पोराला हलू देऊ नका."

तो हलत नव्हता. सातव्या वेळी मी त्याचे दोन्ही गाल हातांत घट्ट धरून ठेवले होते. तो फोटो माझ्यापाशी आहे. मागचा निळा पडदा साफ आलाय. माझी बोटं साफ आलीत, हिरव्या बांगड्या एकेक मोजता येतात. आणि दोन हातांच्या मधे, जिथं त्याचं तोंड होतं, तिथं सारवल्यासारखं फरकाटलंय.