शेकाची बदली

मिरजेच्या डॉक्टरांनी आईच्या मानेवर जांभळ्या शाईनं चौकोन आखला. तिथं दहा दिवस मशिनीचा शेक द्यायचा म्हणाले आणि तारखांचं कार्ड हातात दिलं. कॅन्सर बरा होणार नव्हता; शेकानं दुखणं तेवढं हटलं असतं. पण त्यासाठी रोज निपाणीहून एसटीचे हिसके खात जायचं. घरी ठेवावं तर तळमळत मरणार. १९८३चा मार्च होता. ठरवायचं मला होतं, आणि मला ठरवता येत नव्हतं.

परतताना प्रत्येक खड्ड्याला आई ओरडली. घरी आल्यावर म्हणाली, "मी न्हाय जायाची. बदली दे."

तंबाखूच्या वखारीतला हा कायदा. बाई आजारी पडली तर तिनं आपल्या जागी दुसरी पाठवायची, ती बदली. चौदा वर्षांपूर्वी आई तापानं पडली तेव्हा माझी बहीण सुली बदली गेली. बारा वर्षांची. वाऱ्यानं भुकटी उडू नये म्हणून मुकादम आण्णाप्पा बाहेरून कडी घालायचा. सुली गुदमरून दार बडवत राहिली. त्यानं कडी काढली ती सुट्टी झाल्यावरच, तोवर सुली थंड पडली होती.

"आण्णाप्पाचं नाव लिही," आई म्हणाली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घरात लिंबू-मिरचीला थारा नाही. मरणाऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून कार्डावर नाव लिहिलं. खोटं कशाला बोलू, लिहिताना बरं वाटलं.

सोमवारी, कार्डावरच्या पहिल्या तारखेला, शेकाच्या वेळी, अकरा वाजता आईचं कण्हणं थांबलं. मंगळवारी ती वाटीभर पेज प्याली. बुधवारी चौकोन पुसट झाला. पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. घामानं गेला असेल, म्हटलं. शुक्रवारी मान कोरी होती.

शनिवारी दुपारी मी वह्या तपासत असताना आण्णाप्पा दारात उभा राहिला. त्यानं मानेवरचं उपरणं सारलं. कातडी भाजून काळी पडलेली, पट्टीनं आखल्यागत चौकोनी.

"गुरुजी, रोज अकराला भाजतंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "काय केलंसा तुमी?"

मग त्याला कोनाड्यातलं कार्ड दिसलं. आपलं नाव त्यानं वाचलं.

"खोडा," त्यानं हात जोडले.

चार तारखा बाकी होत्या. नाव खोडलं तर दुखणं परत आईकडं येणार, हे मला विज्ञानाच्या पुस्तकाइतकं स्वच्छ कळलं.

"सुली किती येळ दार बडवत हुती?" मी विचारलं.

तो माझ्या हातातल्या पेनाकडं बघत राहिला.

मी पेनाला टोपण घातलं, ते खिशाला लावलं आणि आईची पेज चुलीवर ठेवायला आत गेलो.