पाठीवरची मूठ

बसा रे इथेच, जिन्यावर. वरच्या मजल्यावरचे टेलरमामा सायकल असून पायी का जातात, हे परवापासून विचारताय ना? सांगतो. पण त्यांच्याकडे जाऊन खोदून विचारू नका, नाहीतर माझ्या नावाने ओरड व्हायची.

गेल्या महिन्यातला गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. एका हॉटेलच्या मॅनेजरचा कोट त्याच रात्री पोचवायचा होता. मामी पायाला प्लास्टर घालून पलंगावर. पाणी प्यायलाही उठता येत नव्हतं. "हा गेलो आणि हा आलो," म्हणून मामा निघाले, तरी जिवाची घालमेल होतीच.

पण पाण्याकाठचा रस्ता लागला की त्या माणसाचा जीव थंड होई. दिवसभर मशीनची घरघर आणि गिऱ्हाइकांची कटकट. इथे एका बाजूला पाणी, त्यात दिव्यांचे लांबच लांब पट्टे, चेनचा बारीक आवाज. मामी बरी असताना रोज संध्याकाळी तिला मागे बसवून फेरी व्हायची. वळणावरच्या बाकाशी दोघं थांबायची. निघताना मामा पॅडलवर पाय ठेवून विचारणार, "बसलीस?" मामी "हं" म्हणणार, त्यांचा शर्ट मुठीत धरणार, मगच सायकल हलणार.

कोट पोचला. परतताना मामा त्या बाकाशी थांबले, घाम पुसला, पॅडलवर पाय ठेवला. वर्षानुवर्षांची सवय.

"बसलीस?"

"हं."

निघाले. थोडं पुढे गेल्यावर डोक्यात उजेड पडला. मामी तर घरी…

सायकल जड लागत होती. पाठीवर शर्ट ताणलेला.

मागे पाहिलं नाही. पाय थांबेनात. समोर आपली गल्ली दिसली. घराचं दार नुसतं लोटून आले होते. आत मामी एकटी.

हे घरी न्यायचं?

मामांनी हँडल वळवलं. पुन्हा पाणी. पुन्हा तेच दिवे. माणूस एक नाही. बाक आला.

"आलं बघ. उतर."

…

"उतर गं… घरी आजारी माणूस आहे."

…

कॅरिअर किरकिरलं. सायकल हलकी झाली.

घरात येऊन मामा दार लावायला वळले, तसा मामीने पलंगावरून त्यांच्या पाठीवर मुठीत धरल्यासारखा चुरगळा पाहिला. "काय हो, माझा पाय मोडल्याबरोबर दुसरी बसवलीत का मागे?" हसत होती. जवळ बोलावून तिने त्या चुरगळ्यावर आपली मूठ ठेवून पाहिली… आणि हसू मावळलं. ती नेहमी उजवीकडे धरते. हा चुरगळा डावीकडे होता. तिच्या मुठीच्या निम्मा.

शर्ट धुतला. उभा जन्म कपड्यांत गेलेल्या माणसाने स्वतः इस्त्री केली.

तो बघा, वर दोरीला टांगलाय, पांढरा. आज संध्याकाळी माझ्यासमोर कडक इस्त्री करून लावलाय त्यांनी. टॉर्च आहे ना कुणाकडे? मार वर.

बाहीवर नको रे… पाठीवर.

डावीकडे.