एकसष्टावं मिनिट

आम्ही दोघंही संगणकासमोर बसलो होतो. पडद्यावर एक आकडा होता — एकसष्ट — आणि खिडकीबाहेर पाण्याची टाकी नेहमीसारखीच भरून शेवाळलेल्या भिंतीवरून वाहत होती.

पंप चालवणारा तो प्रोग्रॅम सात वर्षांपूर्वी मी लिहिला, असं कचेरीत सगळे मानत. मूळ प्रत हरवली, असंही मीच सांगितलेलं. उरला होता तो केवळ यंत्राला कळणारा सांगाडा. माणसानं दिलेली सगळी नावं त्यातून गळून गेलेली. ती परत शोधायला बाहेरून तज्ज्ञ बोलावला… आणि दारात उभा राहिला माझा कॉलेजचा सोबती.

पंधरा दिवस तो एकेका अनामिक जागेला तिच्या वागण्यावरून नाव देत होता.

"ही बघ. हिच्यात रोज काहीतरी साठतं, पण वाचत कुणीच नाही. 'अबोला' ठेवू?"

"कामाचं नाव ठेव."

"कामाचंच आहे. कॉलेजात तीन वर्षं मी दुसरं काय केलं?"

मी हसले होते. चहाचा कप त्याच्याकडे सरकवताना बोटं जराशी रेंगाळली होती… त्याच बोटांची आता मला लाज वाटत होती.

कारण पंप साठाव्या मिनिटाला थांबायला हवा, आणि प्रोग्रॅम त्याला थांबवत होता एकसष्टाव्या. आणि साठ मोजायला बसून एकसष्टावर थांबणारा आमच्या वर्गात एकच होता — हा. मुलं त्याला 'एकसष्टे' म्हणून चिडवत. नावं पुसली गेली. त्याची चूक मात्र जशीच्या तशी उरली होती.

"म्हणजे सात वर्षं ती भिंत माझ्यामुळं शेवाळतेय तर," तो हळूच म्हणाला.

"तुझी फाइल मी लॅबमधून उचलली. न विचारता. तिच्यावर ही नोकरी मिळाली… मग तुझा हात कुणी ओळखू नये, म्हणून मूळ प्रतच पुसून टाकली."

"मागितली असतीस तर दिली असती गं."

"ठाऊक होतं. पण मागायला आले असते, तर… बाकीचंही बोलावं लागलं असतं."

त्यानं कळफलक माझ्याकडे वळवला. 'लेखक' या शब्दापुढची जागा कोरी होती. मी खालमानेनं, एकेक अक्षर करत, तिथं त्याचं नाव लिहिलं.

"साहेबांना मी स्वतः सांगेन," मी म्हणाले. "पण तू… उद्या चारच्या चहाला येशील?"

तो उठला. टेबलावरचे दोन्ही कप — माझा उष्टासुद्धा — त्यानं रोजच्यासारखे धुवायला उचलले, आणि तो नळाकडे निघाला.