पेत्रूसात पाणी मुरतंय

"शेवटची बादली कुणी संपवली?" मारिगो आजीने अंगणातूनच विचारलं.

फोटिनीने मिल्तोसकडे पाहिलं. मिल्तोसने मांजराकडे पाहिलं.

"मांजर आंघोळ करत नाही," आजी म्हणाली.

"आम्ही तरी कुठे करतोय?" फोटिनी वैतागली. "काल दोघांत मिळून एक तांब्या मिळाला. त्यात यानं पाय धुतले."

"तोंडही धुतलं," मिल्तोस म्हणाला. "पण आधी पाय धुवायला नको होते."

आजी हसली नाही. एरवी हसली असती. पिरेअस शहरातून ही दोन नातवंडं दर उन्हाळ्यात पेत्रूसा बेटावर आली की आजी आठवडाभर नुसती खाऊ घालायची. या वर्षी मात्र आल्या दिवसापासून पाण्यावरून कटकट चालू होती. पाण्याची बोट येऊन टेकडीवरची टाकी भरून जायची आणि चार-पाच दिवसांतच घराघरातले नळ सूं सूं करायला लागायचे.

गावाचे अध्यक्ष पान्तेलिस यांनी तर सकाळीच चर्चच्या कर्ण्यावरून जाहीर केलं होतं, "शहरातून आलेल्या मुलांनी पाण्याची उधळपट्टी थांबवावी. नाहीतर मरियममातेची जत्रा रद्द करावी लागेल. पाहुण्यांना घोटभर पाणीही देता येणार नाही."

साऱ्या बेटावर शहरातून आलेली मुलं दोनच होती. त्यामुळे नाव घ्यायची गरजच पडली नाही. पाव आणायला गेलेल्या फोटिनीकडे सगळ्यांनी असं पाहिलं, जणू टाकी तिनेच पिऊन टाकली होती.

"गुरुवारच्या बोटीने तुम्ही दोघं परत जा," आजी म्हणाली. "मलाही चार लोकांत राहायचंय."

"आजी, आम्ही काही केलं नाही."

"बरं बरं. आता झोपा. दुपार झाली."

पेत्रूसा एरवीही शांतच. पण दुपारी जेवणं आटोपली की संध्याकाळपर्यंत तिथे मोठ्यानं बोलणंसुद्धा गुन्हा होता. खिडक्या बंद, दुकान बंद, बोटीही गप्प. फोटिनी अंधाऱ्या खोलीत छताकडे बघत पडली. इतका राग आला होता की डोळे मिटत नव्हते.

खिडकीवर खडा वाजला. बाहेर शेजारची कालिरोई उभी होती. ती याच बेटावर वाढलेली, फोटिनीहून वर्षभराने मोठी.

"चला पोहायला," ती कुजबुजली. "तिथल्या पाण्यावर अजून कुणी पहारा बसवलेला नाही."

चपला हातात घेऊन तिघंही चौकाखालच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरली. चौक म्हणजे समुद्रात दगडांचा भराव घालून केलेली मोकळी जागा. वर कॅफेची टेबलं, खाली पाणी. उतरता उतरता मिल्तोसचा पाय घसरला आणि तो पालथा पडला. नाकातोंडात पाणी गेलं. तो खोकत उठला आणि तसाच उभा राहिला.

"लागलं का रे?" कालिरोईनं विचारलं.

"खारट नाहीये."

"काय?"

"समुद्र. इथला समुद्र खारट नाहीये."

"डोक्यावर पडला वाटतं," फोटिनी म्हणाली. पण तिनं ओंजळ भरून चव घेतली. पाणी गार होतं, आणि जवळजवळ गोड. दोन पावलं बाजूला गेलं की पुन्हा कोमट, खारट. तिनं गोट्यांमध्ये हात घातला. भरावाच्या दगडांमधून बारीकशी गार धार बोटांवर येत होती.

कालिरोईनं मान वर करून चौकाकडे पाहिलं. "टाकीचा पाइप याच्याच खालून जातो. पुरताना मी इथेच खेळत होते. हे आपलं पिण्याचं पाणी आहे."

"म्हणजे सगळं गाव आम्हाला शिव्या देतंय आणि पाणी समुद्रात जातंय?" मिल्तोस म्हणाला.

तिघं चौकात आली. जमीन कोरडी ठणठणीत. फरशीला कान लावला, काही ऐकू आलं नाही. फक्त कान भाजले. जत्रेच्या दिव्यांसाठी अध्यक्षांनी महिन्यापूर्वीच लोखंडी खांब रोवले होते. फोटिनीनं सहज एका खांबाला कान लावला. शांत. दुसऱ्याला लावला. तोही शांत. झाऊच्या झाडाजवळच्या खांबाला कान लावला आणि तिनं हातानंच बाकीच्यांना बोलावलं.

त्या खांबाच्या आत घुंऽऽ असा आवाज चालला होता. सतत.

"खांब पाइपात घुसलाय," कालिरोई म्हणाली.

तिघंही धावत आजीकडे गेली. आजीनं डोळेही न उघडता सांगितलं, "उन्हात फिरू नका." मग तिघं अध्यक्षांच्या घरी गेली. पान्तेलिस बनियनवरच सज्जात आले, केस विस्कटलेले.

"काका, तुमचा खांब पाइपात घुसलाय," फोटिनी म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"आम्ही ऐकलं. खांबाला कान लावून."

"खांबाला कान लावून," त्यांनी शांतपणे परत म्हटलं. "पोरी, तो खांब मी स्वतः ठोकलाय. मापं घेऊन. दुपारी लोकांची झोप मोडायची, पाणी नासायचं आणि वर मलाच शिकवायचं?"

"पण काका, समुद्र गोड..."

सज्जाचं दार लागलं.

मिल्तोसनं पायरीला लाथ मारली आणि पाय धरून बसला. "मोठ्या माणसांना कान असतात कशाला?"

फोटिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं सांगूनही कुणी ऐकत नाही, याचा संताप गिळता येत नव्हता. कालिरोई मात्र विचार करत होती.

"काकांना सांगून उपयोग नाही," ती शेवटी म्हणाली. "काका फक्त एकच गोष्ट ऐकतात. त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवलेली."

संध्याकाळी चौक भरला. अध्यक्ष मित्रांबरोबर कॉफी घेत बसले होते. मिल्तोसला टेकडीवर टाकीच्या चाकापाशी पाठवलं होतं. खालून टॉवेल हलला की चाक फिरवून पाणी बंद करायचं.

"सगळी मजा खाली आणि मी वर," तो कुरकुरतच गेला होता.

फोटिनी आणि कालिरोई झाऊजवळ उभ्या राहिल्या.

"वाकडा आहे, नाही गं?" फोटिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"बराच. पलीकडच्या बेटावरचे पाहुणे हसणार."

कॉफी पिणाऱ्या एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "पान्तेलिस, पोरी म्हणतात ते खरंय. डावीकडे कललाय."

"उजवीकडे," दुसरा म्हणाला.

आता वाद पेटला. अध्यक्ष उठले. त्यांनी खांब ढकलून पाहिला, हलला नाही.

"काढून पुन्हा ठोकावा लागेल," कालिरोई हळहळली. "पण राहू द्या काका, तुम्हाला एकट्याला नाही जमायचं."

पान्तेलिसनी बाह्या सरसावल्या. खांबाला मिठी मारली, मागे-पुढे हलवला आणि जोर करून उपसला.

भोकातून पाण्याचा खांबच उभा राहिला. अध्यक्ष, कॉफीचे पेले, दोन्ही म्हातारे, सगळे चिंब. फोटिनीनं टॉवेल हलवला. काही क्षणांनी पाणी खाली बसलं.

"उधळपट्टी कुणाची, पान्तेलिस?" पहिल्या म्हाताऱ्यानं मिशा पुसत विचारलं.

दुसऱ्या दिवशी पाइप जोडला गेला. कर्ण्यावरून अध्यक्षांचा आवाज आला, जरा पडेल. "पाण्याची गळती माझ्या खांबामुळे होत होती. ती या तीन मुलांनी शोधली. त्यातल्या दोघांवर आळ घेतला, त्याबद्दल मी माफी मागतो. जत्रा ठरल्याप्रमाणे होईल. ही पोरं नसती तर या वर्षी मरियममातेपुढे आपल्याला कोरड्या घशानंच गावं लागलं असतं."

"मला परत सांग," मिल्तोस फोटिनीच्या मागे लागला. "आधी काका भिजले की पेले?"

आजीनं तेवढ्यात फोटिनीला हाक मारली. अंगणात स्टूल मांडलं होतं, शेजारी बादली काठोकाठ भरलेली.

"बस," आजी म्हणाली. तिनं पाणी हातावर घेऊन पाहिलं आणि नातीच्या केसांवर हळूहळू ओतलं. बराच वेळ ती केस चोळत राहिली.

"लोक बोलत होते," शेवटी ती म्हणाली, "तेव्हा मी तुमच्या बाजूनं बोलायला हवं होतं."

फोटिनीचे डोळे साबणानं चुरचुरत होते. तिनं चाचपडत आजीचा ओला हात शोधला आणि धरून ठेवला.